हसून दाखव

दारातच धडक होता होता राहिली. ज्युदोच्या स्पर्धेतली ती फिजिओ, हातात बर्फाची पिशवी. समोर एक प्रशिक्षक, अवघडून उभा.

"बर्फ हवा होता... मुलांसाठी."

"देते की. आधी विनोद ऐका. मुंगी हत्तीला म्हणाली, 'लोळवलं असतं रे तुला, पण आपला वजनगट वेगळा!'"

तो हसला, आणि झटकन हात बरगडीवर गेला.

"मुलांसाठी काय?" तिनं भुवई उंचावली. "बसा."

ही तिची युक्ती. 'दुखतंय का?' विचारलं, की खेळणारी पोरं ठाम 'नाही' म्हणतात. हसवलं, की बरगडी खरं बोलते.

मग तो दर आठवड्याला आपली पोरं तिच्याकडे आणू लागला. कोण कोणत्या डावात दुखावतं, हे दोघं मिळून हेरू लागले. आधी पडायला शिकायचं, मग पाडायला, असा नियमच झाला. लंगडत घरी जाणारी पोरं कमी झाली. कुजबुज मात्र वाढली, "सरांची बरगडी कधीच बरी झाली... तरी येतात!"

आणि आज त्याची पुतणी फायनलला. त्यांच्या क्लबचं पहिलंच सुवर्ण, हातातोंडाशी आलेलं. मॅटकडे जाताना फिजिओनं तिला मुंगी-हत्ती ऐकवला. पोरीनं ओठ घट्ट मिटले.

"हसून दाखव."

"काका, मला काही झालं नाहीये! सांग ना हिला!"

फिजिओनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुतणीचे डबडबलेले डोळे पाहिले, आणि हात वर केला. "आम्ही माघार घेतोय."

"घाबरट!" मागून कुणीतरी ओरडलं. तो वळलाही नाही. पुतणीला कुशीत घेऊन, तिची दुखरी बाजू सांभाळत मॅटपासून दूर निघाला. फिजिओचा ऊर भरून आला... असा ताठ कण्याचा माणूस तिनं जिंकलेल्यांतही पाहिला नव्हता.

पोरीला पडद्याआड झोपवून बर्फ लावून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आज मी विनोद सांगू? एक माणूस बर्फ मागायला गेला... आणि तिथलाच होऊन बसला."

तिनं ओठ घट्ट मिटले.

"हसत नाही? कुठं दुखतंय?"

"दुखत नाहीये—" ती लाजली. "पण हाच विनोद आईबाबांना सांगायला याल ना घरी? फक्त... तिथं विनोद म्हणून सांगायचा नाही हं."

पडद्यामागून पुतणी कण्हली, "आई गं... हसवू नका ना, काकू!"