सहा गाठींची मुदत

साहेबांच्या मनगटावर परदेशी घड्याळ होतं आणि खिशात चांदीचं दुसरं. दोन्ही रोज रेडिओच्या ठोक्याला लावलेली. एवढा जामानिमा करून हा माणूस आयुष्यात कुठेही वेळेवर पोचला नाही. जव्हार संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. जमिनींच्या नव्या मोजणीसाठी त्यांना वरून धाडलं होतं आणि मी त्यांचा कारकून होतो. दहाची वेळ द्यायची आणि चारला यायचं, तेही जांभया देत. जितकी माणसं ओट्यावर ताटकळतील तितका आपला हुद्दा मोठा, अशी त्यांची समजूत. मला त्यांची किळस यायची. ती मी रोज सकाळी नमस्कारात गुंडाळून त्यांना देत असे.

आश्विनातल्या एका शनिवारी वांगणीचा ढवळू आला. चार तास चालून आला होता. अंगाला नागलीच्या पेंढ्याचा वास येत होता. त्याचं खाचर बापजाद्यांपासून त्याच्याच घरात, पण कागदावर नाव नव्हतं. मोजणीच्या दिवशी हजर राहून हद्द दाखवली तर नाव चढणार, नाहीतर जमीन सरकारजमा.

"येत्या शुक्रवारी, दहा वाजता," साहेब म्हणाले.

ढवळूनं कमरेची वाखाची दोरी सोडून पुढे केली. "गाठी मारा, साहेब."

साहेबांना कळेना. मी समजावून सांगितलं. इकडच्या पाड्यांवर बोलावणं असंच जातं. जितके दिवस तितक्या गाठी. रोज सकाळी एक सोडायची, दोरी सरळ झाली की तो दिवस.

"ज्यानं मारल्या त्यानं यायचा," ढवळू म्हणाला. "तसा सबूद हाय."

साहेब खो खो हसले. ते डावखुरे होते. डाव्या हातानं त्यांनी कचकचून सहा गाठी मारल्या आणि दोरी त्याच्या अंगावर टाकली. "घे तुझं कॅलेंडर!" मी जन्मभर दप्तरं बांधली आहेत, त्यामुळे गाठींकडे माझं लक्ष जातंच. डावखुऱ्याच्या गाठीचा पीळ उलटा पडतो.

शुक्रवारी साहेब डाक बंगल्यात पत्ते खेळत बसले. शनिवारी त्यांचं डोकं दुखत होतं. रविवारी कोंबडीचा बेत होता. मी दोनदा आठवण करून दिली.

"थांबतील रे. त्यांना दुसरं काम काय असतं?"

नागलीची कापणी ऐन भरात होती. ते मी बोललो नाही.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी आम्ही वांगणीला पोचलो. हद्दीच्या दगडाभोवतीचं गवत माणूस बसून बसून चेपलेलं होतं. दगडावर ती दोरी सरळ करून ठेवलेली. ढवळूची बायको पोशी शेजारी उभी होती.

"तीन दिस हितंच बसला," ती म्हणाली. "भाकर बी हितंच खाल्ली. म्हणं, उठलो न् साहेब आला तं? काल ताप भरला, मंग उचलून घरी नेला." मग माझ्याकडे वळली. "दादा, तो आला होता, असा लिहा ना."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आत्ता आहे का इथे? नाही ना? लिहा, वहिवाटदार गैरहजर."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. हात जरासुद्धा अडखळला नाही.

पोशीनं दोरी उचलून साहेबांपुढे धरली. "तुमची हाय." साहेबांनी मला त्याच दोरीनं नकाशाची गुंडाळी बांधायला लावली.

बुधवारी ढवळू गेला. बाजाराला आलेल्या माणसानं कचेरीत येऊन सांगितलं. साहेब "अरेरे" म्हणाले आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशाची गुंडाळी सुटून पडली होती. शेजारी दोरी होती. तिला सहा गाठी होत्या.

साहेबांनी शिपाई रंगूला झापलं. त्याच्या पुढच्या सकाळी पाच होत्या. मग मी दोरी लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. सकाळी कपाट उघडलं, चार. मी दोरी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. सगळ्या गाठींचा पीळ उलटा होता.

साहेबांचं हसणं बंद झालं. तीन गाठी उरल्या त्या दिवशी ते नऊला हजर झाले. दोन उरल्या तेव्हा आठला. एक उरली त्या दिवशी झाडूवाल्याच्याही आधी येऊन खुर्चीत बसले होते. गावात लोक म्हणाले, साहेब सुधारले. लोकांना काय, काहीही म्हणतात.

दोरी सरळ झाली त्या सकाळी खुर्ची रिकामी होती.

कुठे जायचं ते मला कळलं. साहेब वांगणीला हद्दीच्या दगडावर बसले होते. टोपी मांडीवर, कपाळ उन्हानं लाल झालेलं.

"साहेब, कुणाची वाट बघताय?"

"ढवळूची. दहाची वेळ दिली आहे त्यानं."

"साहेब, तो वारला."

मूर्खाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "येईल. जरा उशीर झाला असेल."

मी हाताला धरून ओढलं. ते हलेनात.

"उठलो आणि तो आला तर?"

मी मदत आणायला जव्हारला परतलो. खोटं कशाला बोलू, मी घाई केली नाही. जव्हारलाच तीन दिवस काढले. बसू दे म्हटलं जरा, कळू दे.

पोलीस घेऊन गेलो तेव्हा दगड मोकळा होता. गवत चेपलेलं. दगडावर मनगटी घड्याळ, चालू. पलीकडे पोशी नागली कापत होती.

"साहेब कुठे गेले?"

तिनं मान वर केली नाही. "तो आला ना न्यायला. गेलं दोघं."

कचेरीत येऊन मी हजेरीबुकात साहेबांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि दोरी रंगूच्या चुलीत टाकली. ती जळताना मी समोर उभा होतो.

आजपासून सहा दिवसांपूर्वी ती जळालेली दोरी पुन्हा माझ्या टेबलावर होती. सहा गाठी. यावेळी पीळ सरळ होता. मी दप्तर बांधतो तशा, एकसारख्या अंतरावर, नेटक्या.

त्याच दिवशी मी जबाब लिहून काढला. 'वहिवाटदार तीन दिवस हजर होता. गैरहजर आम्ही होतो.' त्यावर नव्या साहेबांची सही झाली की पोशीच्या नावावर खाचर चढेल. पण नवे साहेब भेटत नाहीत. सोमवारी या म्हणाले, मग मंगळवारी. कचेरीतला माणूस असून मला त्यांनी खोलीबाहेर ओट्यावर बसवून ठेवलं. हेही त्याच मातीचे. काल म्हणाले, उद्या नक्की, दहा वाजता.

आज सकाळी दोरी सरळ होती.

वांगणीला निघावं की इथे थांबावं, याचा विचार केला. सही झाल्याशिवाय तिकडे कोणत्या तोंडानं जाऊ? म्हणून ओट्यावर बसून हे शेवटचं लिहितो आहे. पावणेअकरा झाले. नव्या साहेबांचा पत्ता नाही.

दहाच्या ठोक्याला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी येऊन बसलं. मी तिकडे बघितलेलं नाही. नागलीच्या पेंढ्याचा वास येतो आहे. घाई करत नाही तो, नुसता बसला आहे.