मब्रूकाच्या विहिरीतला बशीर

कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका.

सत्तरी ओलांडली मी. आयुष्यात दोनदाच खरं बोललो. एकदा स्वतःच्या लग्नात, आणि एकदा हे.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. मंगळवार. भर दुपारचे दोन.

जागा, स्फाक्स शहराच्या दक्षिणेला, आपल्या बीर लहमरच्या बंद कारखान्यामागचा कचऱ्याचा डोंगर.

परवा तेलघाण्यावर सगळे ऑलिव्हची पोती घेऊन नंबर लावून बसले होते, तेव्हा मी हेच सांगत होतो. सांगितलं तसंच लिहितोय.

माझं काम गावाला ठाऊक आहे. विषारी कचरा पुरलाय तिथं जायचं. जमिनीत नळी ठोकून मातीतला वायू डब्यात ओढायचा. आसपासच्या विहिरींचं पाणी कुप्यांत भरायचं. सगळं बर्फाच्या पेटीत घालून ट्यूनिसला तपासायला पाठवायचं.

त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याची खाल्ती मब्रूकाची, म्हणजे आमच्या मब्रूका मावशीची, विहीर होती. तिचा नवरा लमीन अंथरुणाला खिळलेला, अंगभर सूज. पाण्यात विष निघालं तर सरकारी टँकर सुरू होणार. नाही निघालं, तर तेच पाणी प्यायचं.

त्यांची मुलगी नजीबा परवा तेलघाण्यावर समोरच बसली होती. म्हणाली, "त्या दिवशी आम्ही बाबांना घेऊन दवाखान्यात होतो. घरी कुणीच नव्हतं."

"ऐकलंत? मी एकटाच होतो."

घाणेवाला हसूना खिदळला. "मग साक्षीदार कोण? तुझं गाढव?"

"गाढव माझ्यापेक्षा खरं बोलतं, हसूना. पण ते घरी होतं."

तर... आधी डोंगरावर नळी ठोकली. मीटरभर खोल. वर डबा जोडला. डब्यातली हवा आधीच काढलेली असते, त्यामुळे तो वायू हळूहळू आत ओढतो. डब्यावरचा दाबाचा काटा एकाच बाजूला सरकतो.

काटा सरकला...

आणि परत आला.

पुन्हा सरकला... पुन्हा परत.

आत... बाहेर. आत... बाहेर.

खाली कुणीतरी श्वास घेत होतं.

मी जमिनीला कान लावला. वारा पडलेला. एक माशी नाही. आणि मग...

खोकला.

तो खोकला मी ओळखला. कारखान्याचा पहारेकरी बशीर. अकरा वर्षांपूर्वी डोंगर घसरला, तेव्हा त्याचा फक्त एक बूट सापडला होता.

"सामान टाकून पळायचं ना, अम्म तिजानी!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. गावात सगळे मला अम्म, म्हणजे काका, म्हणतात.

"पळालोच! पण मब्रूकाच्या विहिरीकडे. टँकर माझ्या कुप्यांवर अडला होता ना, बाबा!"

विहिरीत खोली मोजायची फीत सोडली. टोक पाण्याला टेकलं की तिची घंटी वाजते.

अठरा मीटरवर वाजली.

आम्ही नेहमी दोनदा मोजतो. पुन्हा सोडली.

पंधरा.

असं होत नाही. तिसऱ्यांदा सोडली.

नऊ.

वाकून पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं, खोल, काळं.

पाणी वर येत नव्हतं...

दुसरंच काहीतरी येत होतं.

आणि फीत ताणली गेली. खालून.

मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. इतक्यात खालून आवाज आला...

"तिजानी... घोटभर पाणी..."

कशाबशा कुप्या भरल्या. कुपी उलटी धरली की आत बुडबुडा दिसता कामा नये. दिसला. मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा. झाकण घट्ट होतं, तरी कुणीतरी आतून पीत होतं. काय करणार?

तीन आठवड्यांनी कागद आला. पाणी स्वच्छ. विष कणभर नाही.

"सगळं विष बशीरनं स्वतःच्या पोटात घेतलं," मी सांगितलं. "टँकर आला नाही. भुतापुढं माझं काय चालणार?"

हसूना हसायचा थांबला होता. बायका तोंडात दुआ पुटपुटत होत्या.

नजीबानं पोतं खाली ठेवलं.

"अम्म, तो कागद मी वाचलाय. त्यात मिठाचाही आकडा आहे. शून्य."

"मग? बशीरनं..."

"आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा पाहुणा पहिल्याच घोटाला खाली ठेवतो, इतकं ते खारट. भूत विष पिईल. मीठही चाटूनपुसून नेईल? इतकं बिनचवीचं पाणी गावात एकाच ठिकाणी मिळतं. गॅरेजमध्ये, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. तुम्ही उन्हाला कंटाळलात आणि विहिरीवर आलातच नाही, अम्म. कुप्या गॅरेजमध्ये भरल्यात. आणि बाबा अजून आमच्याच विहिरीचं पितात."