नंबर नसलेली डबी

या गोष्टीत अंधार नाही, अमावास्या नाही.

जे घडलं ते भर दुपारी घडलं, डोळे दिपवणाऱ्या उन्हात. आणि ते खरंच घडलं. सोमाजीनं मरेपर्यंत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

साल छप्पन्न. चैत महिना. पोंभुर्ण्याकडच्या जंगलाला लागून एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत सोमाजी क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासायचा.

रोगी मलमाच्या रिकाम्या डबीत थुंकी आणत. म्हातारा शिपाई मुखरू डबीवर नंबराची चिठ्ठी चिकटवी. सोमाजी ती थुंकी काचपट्टीवर पसरवायचा, वाळवायचा, वर लाल रंग ओतून खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा. वाफ निघाली की थोडं थांबायचं. मग तेजाबाच्या पाण्यानं धुवून वरून निळा रंग. बाकी सारं निळं होतं. क्षयाचा जंतू तेवढा लाल राहतो, बारीक काडीसारखा.

वीज नव्हती. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर खिडकीतलं ऊन घ्यावं लागे. म्हणून हे काम दुपारचंच.

आदल्या भादव्यात त्याची बायको कमळा खोकायला लागली. तिची पट्टी त्यानं स्वतःच पाहिली.

"काय दिसते जी?" तिनं दारातून विचारलं.

"काई नाई. साधं पडसं होय."

त्या दिवशी ढीगभर पट्ट्या बाकी होत्या. त्यानं घाईत पाहिली. आणि खरं सांगायचं तर काही दिसूच नये, असं त्याला वाटत होतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं तीच थुंकी अंड्याच्या हिरव्या खळीवर पेरून बाटली कंदिलानं गरम ठेवलेल्या उबेच्या पेटीत ठेवली होती. हा जंतू फार हळू वाढतो. सहाव्या आठवड्यात बाटलीत भाकरीच्या चुऱ्यासारखे पिवळट दाणे उगवले.

तोवर कमळाच्या पदराला रक्त लागलं होतं.

सोमाजीनं जुनी पट्टी शोधून काढली. तासभर पाहिली.

एका कोपऱ्यात चार लाल काड्या होत्या.

सुया सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. पुसात कमळा गेली. जाईपर्यंत तिनं नवऱ्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा.

मग चैत आला.

त्या बुधवारी डॉक्टर वरोऱ्याला गेले होते. मुखरू ओसरीवर पेंगत होता. सोमाजीनं सात पट्ट्या रंगवून संपवल्या आणि हात धुवायला वळला.

मागे कोणीतरी खोकलं...

बारीक, दोनदा. तोंडावर पदर धरून खोकल्यासारखं.

त्याच्या हातातून साबण निसटला. हा खोकला त्यानं चार महिने उशाशी ऐकला होता.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं. बाहेर मोहाच्या झाडाखाली एक पानही हलत नव्हतं. पाखरांचा आवाज कधी बंद झाला, ते त्याला कळलंच नव्हतं.

टेबलावर आठवी डबी होती.

तिच्यावर नंबर नव्हता.

"मुखरूभाऊ, हे डबी कोनं आनली?"

"कोनती डबी? मी त सातच आनल्या."

सोमाजीनं डबी उचलली... ती कोमट होती.

त्यानं पट्टी रंगवली. डोळा लावला आणि दचकून मागे सरला. लालच लाल. काड्यांवर काड्या.

त्यानं डबी उकळत्या पाण्यात टाकली आणि घरी गेला. 

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आधी पाखरं गप्प झाली. मग खोकला. मग डबी.

या वेळी लाल काड्या थोड्या होत्या. दहा-बारा.

तिसऱ्या दुपारी त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. सात डब्या स्वतः मांडल्या. पट्ट्या रंगवल्या. मान वर केली...

डबी होती.

त्यानं तिचीही पट्टी रंगवली. पट्टी सरकवत सरकवत तो पाहू लागला. निळं, सगळं निळं. कुठेच काही नाही. अर्धा तास गेला. त्यानं डोळा काढला आणि सुटकेचा श्वास टाकला.

तेव्हा कानाशी कोणीतरी बोललं...

"अजी... नीट पाहा ना."

रागानं नाही. विनवणी केल्यासारखं.

सोमाजी रडायला लागला. रडत रडतच त्यानं पुन्हा डोळा लावला. पहिल्या कडेपासून. एकेक तुकडा. ऊन खिडकीतून सरकलं तसा आरसा फिरवत गेला.

अगदी शेवटच्या कडेला एक काडी होती. एकच. लाल.

आणि दाराबाहेर कोणीतरी खोकलं.

त्यानं कडी काढली. उन्हात गोकुळा उभी होती. कमळाची धाकटी बहीण. हातात त्याच्या जेवणाचा डबा, तोंडावर पदर. बहिणीच्या दुखण्यात रात्रंदिवस हीच तिच्या उशाशी बसली होती. कमळा गेल्यापासून मात्र तिनं दवाखान्याची पायरी चढली नव्हती. डबा रोज तिची आई देवकाबाई आणायची.

"कवापासून खोकलून राह्यली तू?"

"थोडासाच हाय भाऊजी. महिना झाला असन."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

गोकुळानं मान खाली घातली. "लगन मोडंन ना माह्यं."

सोमाजीनं तिला तिथंच बसवलं. तिची थुंकी घेतली, रंगवली आणि सूर्य कलेपर्यंत पाहत राहिला. शेवटच्या कडेला एक लाल काडी सापडली.

एकच.

त्यानं बिननंबरी डबीची पट्टी ताडून पाहायला उचलली.

काच कोरी होती. तिला कधी रंगच लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्याबरोबर गोकुळाच्या सुया सुरू झाल्या. दीड वर्ष औषध चाललं. मुलाकडचे थांबले, हेही नशीबच. गोकुळा वाचली. ठणठणीत झाली.

नंबर नसलेली डबी पुन्हा कधी आली नाही. खोकलाही नाही. लोक म्हणतील, बरं झालं. पण सोमाजी रोज दुपारी पाखरं गप्प होण्याची वाट पाहायचा.

ती गप्प झाली नाहीत.

लग्नानंतर गोकुळा सासरी निघाली. तलावाच्या पाळीवर बैलबंडी जुंपून उभी होती. सोमाजी पोचवायला गेला. तिनं त्याला बाजूला बोलावलं.

"भाऊजी, एक गोष्ट सांगाची राह्यली. तुमी हासान मले."

"बोल ना."

"त्या दिवशी मी डबा घेऊन येनारच नोती. माय मोहफुलं येचाले गेल्ती. मी अंगात कनकन होती म्हनून पडली होती. डोळे उघडले त... बाई चुलीपाशी बसून होती."

थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणायची; सोमाजी एकदम पुढे सरकला.

"कमळा?"

"हो. रडून राह्यली होती. मी म्हनलं, बाई, काऊन रडतेस? त मले काईच नाई बोलली. नुसतं तुमचं नाव घे. सोमाजी... सोमाजी... असंच घेत राहे. मले वाटलं तुमाले काई झालं. म्हनून धावत आली."

बंडी हलली. गोकुळा डोळे पुसत मागे पाहत राहिली.

सोमाजी पाळीवरच खाली बसला.

बारा वर्षांच्या संसारात कमळानं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. बायका काढतच नसत.

मेल्यावर तिनं ते का घेतलं?

माफ केलं म्हणून... की नवरा मानणंच सोडलं म्हणून?

पुढे तीस वर्षं सोमाजी जगला. ज्याला ज्याला त्यानं ही गोष्ट सांगितली, त्या प्रत्येकाला शेवटी त्यानं हेच विचारलं.