पावसाची तारीख

माझं चार भाषांतलं पत्रक त्यानं सायकलच्या सीटवर गुंडाळलं होतं आणि वरून दोरी बांधली होती. पाऊस पडत होता. सीट ओली होऊ नये, एवढाच त्या पत्रकाचा त्याला उपयोग दिसला होता.

"ते काढा," मी म्हणाले.

तो सायकलच्या साखळीत तेल घालत होता. त्यानं मान वर केली नाही. "कागद चांगला आहे, बाई. पाणी आत जात नाही."

"ते वाचायला छापलंय."

"वाचलं की. मंगळवारी सकाळी दहाला गाडी येणार. डॉक्टर, वकील, कागदपत्रांच्या बाई, सगळे एकाच गाडीत." साखळी फिरवत तो म्हणाला, "चार भाषांत वाचलं. चारही भाषांत चूक तीच आहे."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. ते पत्रक मी तीन आठवडे खपून तयार केलं होतं. नगरपालिकेनं मला नेमलं होतं ते याच कामासाठी. संत्रीतोडीला आलेल्या परदेशी मजुरांना आरोग्य खात्याचं दार एकीकडे, वकिलाचं दुसरीकडे, चर्चचं तिसरीकडे. सगळी दारं एका गाडीत बसवून ती त्यांच्या तंबूवस्तीत आणायची, हे माझं काम. गाडी चार मंगळवार येऊन गेली होती. चार मंगळवारांत तीन माणसं आली. त्यातल्या एकाला फक्त बसथांबा विचारायचा होता.

"कसली चूक?" मी विचारलं.

"मंगळवारी दहाला आम्ही कुठे असतो?"

"मला काय माहीत?"

"शिडीवर. संत्री तोडत."

"मग दुपारनंतर या ना शहरात."

"दुपारनंतर तुमची कचेरी कुठे असते?"

कचेरी दोनला बंद होते. मी चिडून म्हणाले, "आणि आज? आज शिडीवर का नाही?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तेलानं माखलेला हात पालथ्याचा उताणा केला आणि तळहातावर पाऊस पडू दिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही याच गावच्या ना?"

मी याच गावची. माझ्या वडिलांची दोनशे झाडं होती. ओली संत्री तोडली की सालीवर डाग पडतात आणि पेटीत ती कुजतात, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. पाऊस आला की बाबा घरी पत्ते खेळत बसायचे. तोडणी करणारा माणूस सकाळी फक्त पावसात मोकळा असतो. आणि मी मंगळवार छापला होता...

"पत्रक राहू द्या सीटवर," मी म्हणाले.

"रागावलात?"

"तुमच्यावर नाही."

"मग डावाच कान का लाल झालाय?"

त्याचं नाव सियाका. मूळचा आफ्रिकेतल्या माली देशाचा. चार हंगाम या मैदानी मुलखात संत्री तोडत होता आणि मोकळ्या वेळात वस्तीतल्या सायकली दुरुस्त करत होता. पहाटेच्या अंधारात सायकलीवर निघालेल्या मजुरांना गाड्या धडका देऊन जात, म्हणून प्रत्येक सायकलीला तो मागे उजेडात चमकणारी लाल काच लावून द्यायचा. तीही फुकट.

त्या डिसेंबरात सहा दिवस पाऊस पडला आणि सहाही दिवस मी वस्तीत गेले. गाडी मिळत नव्हती, म्हणून वही घेऊन गेले. कुणाचा खोकला, कुणाचा संपत आलेला राहण्याचा परवाना, सगळं लिहून घेतलं. सियाका दुभाष्याचं काम करायचा आणि मध्येच माझ्या हातात चहाचा इवलासा पेला द्यायचा. पहिला पेला इतका कडू, की माझं तोंड वाकडं व्हायचं.

"दुसरा गोड असतो," तो म्हणायचा.

"मग दुसराच आधी द्या."

"तुमच्या कचेरीसारखी घाई करू नका."

चौथ्या पावसात आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो. पाचव्या पावसात तो म्हणाला, "हल्ली सकाळी उठलो की आधी आभाळ बघतो."

"का?"

"संत्र्यांची काळजी." तो चहाकडे पाहत हसला. "दुसरं काय?"

मीही आभाळ बघत होते. पण ते मी सांगितलं नाही...

जानेवारीत जिल्हा कचेरीत बैठक झाली. लांब टेबल, सात माणसं, सात पाण्याच्या बाटल्या. बैठकीचे प्रमुख सभ्य गृहस्थ होते. ते आवाज कधीच चढवत नसत.

"लोक येत नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे त्यांना गरज नाही. गाडी दुसऱ्या तालुक्याला देऊ."

"गरज आहे. गाडी पावसाच्या दिवशी पाठवा."

"जरूर. तारीख पंधरा दिवस आधी कळवावी लागते."

"पावसाची?"

"कुठल्याही दिवसाची. लेखी."

कुणी हसलं नाही. प्रमुखांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं. "एक संधी देतो. तीस नावं नोंदली गेली, तर गाडी हंगामभर राहील. नाहीतर बंद. तारीख लिहा."

मी तेवीस जानेवारी लिहिलं. पेन कागदात रुतलं इतकं दाबून लिहिलं.

सियाकाला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "पावसाची तारीख तू लिहून दिलीस?"

"मग काय करायचं होतं? पेन त्यांच्या डोळ्यात खुपसायचं?"

"तोही विचार वाईट नव्हता."

तेवीस तारखेला उजाडताच मी खिडकी उघडली. आभाळ स्वच्छ होतं. ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. त्या निळ्या आभाळाचा मला इतका राग आला, की चपला उलट्या घालूनच मी जिना उतरले.

वस्तीच्या तोंडाशी मुकादमाची गाडी उभी होती. माणसं तंबूंतून बाहेर येत होती. मी सियाकाला गाठलं.

"सगळ्यांना कामावर जाऊ दे. कुणी दिवस बुडवायचा नाही. गाडी गेली तर गेली. चूक आमची आहे, किंमत तुम्ही का मोजायची?"

"दिवस कसला बुडतोय?" तो शांतपणे म्हणाला. "आज पाऊस आहे."

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यानं रेनकोट घातला होता. पिवळा, टोपीसकट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्याच्यामागून एकेक जण येत होता आणि प्रत्येकाच्या अंगावर रेनकोट होता. ज्याच्याकडे नव्हता, त्यानं खताची प्लास्टिकची पिशवी फाडून डोक्यावर घेतली होती. कोवळ्या उन्हात ते सगळे रांगेत उभे राहिले.

मुकादम खाली उतरला. "बसा लवकर. काय नाटक लावलंय?"

"पाऊस आहे, मालक," सियाका म्हणाला.

"कुठे पाऊस?"

एका म्हाताऱ्या मजुरानं हात पुढे केला, तळहात पाहिला आणि मुकादमाच्या गाडीच्या काचेला तो नीट पुसला. मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला खरा होता. माझ्या वहीत दोनदा लिहिलेला.

"ओली संत्री पेटीत कुजतात," सियाका म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

"तुझं नाव टोळीतून गेलं," मुकादम म्हणाला. "बाकीच्यांना उद्या घेईन. तुला या हंगामात कुठलीच टोळी घेणार नाही." आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

दहा वाजता आमची गाडी आली. डॉक्टरांनी रांगेकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. कागदपत्रांच्या रोझाल्बाबाईंनी टेबल मांडलं. रागानं मी नावं गरजेपेक्षा मोठ्यानं पुकारत होते. नुसतं डॉक्टरला भेटायला माणसानं दिवस गमवावा, नाव गमवावं?

एकेचाळीस नावं झाली. एकेचाळिसावा सियाका. स्वतःला त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"पत्ता?" रोझाल्बाबाईंनी विचारलं. आरोग्यपत्राला पत्ता लागतो.

"तंबू सतरा."

"तंबू म्हणजे पत्ता नव्हे, लेकरा."

"बाकीच्यांना चर्चचा पत्ता दिलात की," मी म्हणाले.

"एका पत्त्यावर चाळीसच. वरून तसा हुकूम आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी नाही केला तो नियम."

सियाकानं रेनकोटचं वरचं बटण काढलं. "असू दे, मेना. चाळीस जणांचं झालं ना?"

त्याच्या त्या 'असू दे'चा मला मुकादमापेक्षा जास्त राग आला.

"नाही असू देणार. रोझाल्बाबाई, लिहा. बंदराचा रस्ता, घर नऊ."

"हे कुणाचं घर?"

"माझं. माझं आणि आईचं."

त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. "अर्जदाराचं घरमालकाशी नातं? हा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मी सियाकाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे...

"आम्ही भांडतो," तो म्हणाला.

"किती दिवसांपासून?"

"पाऊस पडेल तेव्हा तेव्हा."

"मग नवरा-बायको लिहू?"

माझा डावा कान पेटला. सियाका फक्त त्या कानाकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडी टोमणा नव्हता.

"अजून नाही," मी म्हणाले.

रोझाल्बाबाईंनी रकान्यात नेमकं तेच लिहिलं, 'अजून नाही', आणि त्यावर शिक्का मारला.

आम्ही गाडीमागे जाऊन उभे राहिलो. त्याचा रेनकोट उन्हानं तापला होता.

"उद्यापण ऊन आहे म्हणतात," तो म्हणाला. "आणि मला काम नाही."

"माहीत आहे. सकाळी आपण दोघं जिल्हा कचेरीत जाणार आहोत. एकेचाळीस नावं त्यांच्या टेबलावर ठेवायला. आणि तुझं नाव टोळीतून का गेलं, तेही लेखी मागायला."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर घरी. दारावरची घंटा बंद आहे."

"मी दुरुस्त करतो."

"आधी दार वाजव," मी म्हणाले. "पाऊस नसताना."