तिसऱ्यांदा भेगाळलेली होडी

"साहेब, माझं काम फुटतंय का कुणी फोडतंय, तेवढं सांगा," रंगारी गुलाब म्हणाला.

परंड्यात खाजगी शोधकाची पाटी लावून बसलेल्या महारुद्रकडे आजवर हरवलेल्या शेळ्याच जास्त आल्या होत्या. होडी पहिल्यांदाच आली. त्याचा मित्र उत्तरेश्वर तर खुर्चीवरून उठलाच.

"दुष्काळात होडी?"

मच्छीमार सहकारी संस्थेकडे फायबरची जुनी शिडाची होडी होती. तळं तीन वर्षं कोरडं होतं. पण पाहुणे येणार म्हणून चेअरमन नानासाहेबांनी ती रंगवायला काढली होती. तळ्याला नसली तरी संस्थेला प्रगती दाखवायची होतीच. गुलाबनं बुडावरच्या भेगा खरवडून मोकळ्या केल्या, रेझिनची लुकण भरली, घासून गुळगुळीत केली. एक दिवस वाळू दिली. परत येऊन बघतो, तर त्याच जागी भेगा. दोनदा असंच झालं. आता नानासाहेब म्हणत होते, उद्या रंग चढला नाही तर तुझं नाव तालुकाभर करतो.

तिघं तिथं पोचले, तर होडी दगडांच्या चार थप्प्यांवर ठेवलेली. शेजारीच जनावरांची छावणी, आणि छावणीच्या तोंडाशी नवा कोरा सिमेंटचा हौद. त्यावर पाहुण्यांसाठी पडदा.

महारुद्रनं लुकणीत नख रोवलं. नखच दुमडलं.

"हार्डनर कमी घातला असंल," उत्तरेश्वर पुटपुटला.

"मग नख शिरलं असतं."

भेगा चांदणीसारख्या, बरोबर दगडांच्या वर. बाकी अंग धडधाकट. होडीच्या काठावरचा जुना रंग घासून गेला होता. आत, कमरेएवढ्या उंचीवर, कडब्याच्या भुशाची रेघ चौफेर चिकटली होती. तळाच्या भोकात चिंध्या गुंडाळलेली खुंटी.

"ही तू ठोकलीस?"

"न्हाय. म्या भोक उघडंच ठेवतो, आत काही साचू न्हाय म्हणून."

तेवढ्यात नानासाहेब आले, ते तापलेलेच. "विरोधी पॅनेलचं काम हाय हे! न्हायतर ह्याचा माल भिकार."

"हौदात पाणी का नाही?" महारुद्रनं विचारलं.

"उद्घाटन व्हायचंय. त्याआधी थेंब पडला तर काय राह्यलं उद्घाटनात?"

छावणी सांभाळणाऱ्या केशरबाई शेण गोळा करत होत्या.

"मावशी, टँकरचं पाणी कुठं ओतता?"

"मिळंल तिथं." बाईंनी पाटी उचलली. "पाणी रिकामं न करता टँकर थांबतो व्हय? डायवर घेऊन जातो माघारी."

"होडीला कोण हात लावतं?"

"मला काय करायचंय होडीचं? मला काय तळ्यात जायचंय?"

टँकरच्या चाकांच्या खुणा होडीपाशी येऊन संपल्या होत्या. महारुद्रनं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"लुकण दगडासारखी आहे, म्हणून गुलाबचा माल चांगला. हातोडा मारला असता तर भेगा कुठंही पडल्या असत्या. त्या फक्त दगडांवर आहेत. म्हणजे होडीवर बाहेरून घाव नाही, आतून भार आला. भुशाची रेघ सांगते तो भार पाण्याचा. भोकाला खुंटी मारली ती पाणी राहावं म्हणून. काठ घासला गेला तो जनावरांच्या मानांनी. गुलाब लुकण वाळायला ठेवून जायचा त्या दिवशी टँकर इथं रिकामा व्हायचा, आणि तो परत येईस्तोवर जनावरं होडी कोरडी करायची."

"पाण्यात उभी राहायची ती पाणी पोटात घेऊन बसली!" उत्तरेश्वर म्हणाला. "पण केलं कुणी?"

"हौद बंद ठेवणाऱ्यानं. बाकीच्यांनी फक्त पाणी ओतलं."

केशरबाई खाली बघत बोलल्या, "गुलाबवर आळ आला तवा लई वाईट वाटलं. पण माझ्या गाया उद्घाटनापत्तुर थांबना झाल्या."

नानासाहेब हौदापाशी गेले. त्यांनीच पडदा ओढून काढला. दुपारचा टँकर हौदात रिकामा झाला. होडीला दगडांऐवजी वाळूच्या पोत्यांचा आधार मिळाला, आणि गुलाबनं तिसऱ्यांदा खरवडायला घेतलं.

"गुलाबचं काम चांगलं हाय, हे मी संचालक मंडळात सांगतो," नानासाहेब म्हणाले.

"मंडळात नगं," केशरबाई म्हणाल्या. "आळ हितं घेतलाव, हितंच सांगा."

नानासाहेबांनी घसा खाकरला आणि छावणीपुढं, खणखणीत आवाजात, गुलाबचं काम चांगलं असल्याचं जाहीर केलं. पाणी पिणाऱ्या जनावरांपैकी एकानंही मान वर केली नाही. गुलाब मात्र पॉलिश पेपर हातात धरून तोंडभर हसला.