बुंदी आणि कांदेनवमी

भजं मीच टाकलं होतं. आधीच सांगून टाकतो. लपवालपवी तेव्हा केली तेवढी पुरे.

आषाढातली नवमी होती, म्हणजे आमच्याकडे कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागतो, चार महिने, आमच्याकडे थेट चंपाषष्ठीपर्यंत, घरात कांदा-लसूण बंद, म्हणून त्या दिवशी जे शिजेल त्यात कांदा. भजी, थालीपीठ, पोहे, कोशिंबीर... उज्जैनची आमच्यासारखी जुनी मराठी घरं बाकी काय काय विसरली, पण हे नाही विसरत. बाबांना तर हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. बाबा म्हणजे भय्यासाहेब. आमची सगळी फ्रीगंज वस्ती त्यांना असंच म्हणते, मग आम्हीपण.

तर मी जिन्याच्या पायरीवर भज्यांची बशी घेऊन बसलो होतो. भुरभुर चालू होती. समोर पांढरी मांजर, अंगावर पिवळे ठिपके. वरच्या खोलीतल्या नव्या भाडेकरूची आहे एवढं माहीत होतं. भाडेकरू नाशिकची, बँकेत बदली होऊन आलेली, सकाळी जाते, संध्याकाळी येते. तीन आठवड्यांत माझी गाठ पडली नव्हती. मांजरीशी मात्र पक्की दोस्ती.

तिसरं भजं तिने उचललं आणि वरून आवाज आला.

"ते कांद्याचं आहे का?"

"एकदम गरम," मी मान वर करून म्हणालो, "तुम्हाला देऊ?"

ती अनवाणीच खाली धावली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. मांजरीला धरून तिच्या तोंडात सरळ बोट घातलं. पण भजं गेलेलं होतं... मग तिने माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, एवढं निरखून कुठल्याच मुलीने मला आजवर बघितलं नव्हतं. आणि एवढं रागावून तर नाहीच.

कांदा मांजरींना विष असतो म्हणे. रक्त खराब करतो. कच्चा, तळलेला, शिजलेला, कसाही. मला हसूच आलं. म्हटलं, आमच्या गल्लीतली सगळी मांजरं पोह्यांवर वाढलीत.

"आणि किती वर्षं जगतात हो ती?"

कधी मोजलंच नव्हतं.

"किती भजी दिलीत?"

"एक."

"याच्याआधी कधी काही?"

"कधीच नाही."

दोन्ही खोटं. दर रविवारचे कांद्याचे पोहे ती माझ्याच बशीतून खायची.

तेवढ्यात आतून भय्यासाहेबांची हाक आली, पान वाढलंय. आणि मी गेलो. हो, गेलो, बसलो. पंक्तीत दहा माणसं, चित्राहुती झालेली, पहिला घास हातात. खिडकीतून फाटक दिसत होतं. ती मांजरीला कापडी पिशवीत घेऊन रस्त्यावर उभी होती, ऑटोला हात करत. एक गेला, दुसरा गेला. पिशवीतून फक्त कान बाहेर.

मी उठलो.

"भरल्या पानावरून उठतोस?" भय्यासाहेबांनी विचारलं. "कोणासाठी, मांजरीसाठी?"

"हो," मी म्हणालो, आणि स्कूटरची चावी घेतली.

आमच्या घरात अजून वर्षं यातच मोजतात, राजस, म्हणजे मी, पंक्तीतून उठला त्याच्याआधी का नंतर.

नानाखेडा भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मांजर टेबलावर घेतली आणि विचारलं, "कितना खाया है? सच बताना, इलाज इसी पर है."

"एक पकोडा," ती म्हणाली. माझ्या भरवशावर.

बुंदी टेबलावरून माझ्याकडे बघत होती. बुंदी तिचं नाव, ते तिथेच कळलं, डॉक्टरांच्या कार्डावर. आणि त्याच्याच खाली, मालक, मधुरा.

"तीन," मी म्हणालो. "और हर इतवार पोहे भी. तीन हफ्ते से."

मधुरा माझ्यापासून एक पाऊल लांब सरकली. ते पाऊल मला अजून ऐकू येतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन बुंदीला ओकायला लावलं. म्हणाले, कांद्याचा असर लगेच दिसत नाही, पाच दिवस सांभाळा. रोज हिरड्या बघा. गुलाबी तर ठीक, पांढऱ्या पडल्या तर पळत या.

परत येऊन फाटकाशी उतरल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरांना खरं का सांगितलंत? मला कधी कळलंही नसतं."

"तिला कळलं असतं," मी पिशवीकडे बघून म्हणालो.

ती हसली नाही. पण जिना चढताना म्हणाली, "सकाळी सातला या. एकटीला तिचा ओठ उचलून टॉर्च धरता येत नाही."

मग रोज सकाळी सात. मी बुंदीचा ओठ उचलायचो, ती मोबाईलचा टॉर्च धरायची. दोघांची डोकी एवढी जवळ, की तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या मनगटावर पडायचं...

"गुलाबी?"

"गुलाबी."

एवढंच बोलणं. पहिला दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी तिने टॉर्च जवळ नेला, लांब नेला, परत जवळ. मला दिसलं होतं. हिरड्या फिकट पडल्या होत्या.

स्कूटरवर तिने माझी बाही धरली, ती दवाखान्यातही सोडली नाही. रक्त तपासलं. कमी झालं होतं. तीन दिवस दवाखान्यातच सलाईन, औषधं. बुंदी पाणीही पीत नव्हती. मी सरळ म्हटलं, मधुरा, तिला काही झालं तर ते माझ्यामुळे. तू मला माफ नको करू.

"करणारच नाहीये," ती म्हणाली. बाही तशीच धरलेली.

सहाव्या दिवशी बुंदीने सलाईनची पट्टी चावून काढली आणि डॉक्टरांच्या डब्यातलं पनीर चोरलं. मधुरा रडता रडता हसायला लागली. मीपण.

नंतर चातुर्मास लागलाच होता. घरात कांदाच नाही, म्हणून बुंदी बिनधास्त खाली यायची, बरोब्बर माझ्या ताटापाशी बसायची. आणि सकाळचे सात चालूच राहिले. हिरड्या बघायची गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही तरी बघायचो. ती माझ्या मराठीला हसायची. मी म्हटलं, तुझ्यासाठी रुकलो होतो, तर म्हणाली, थांबलो म्हणायचं. मी म्हटलं, थांबलेली माणसं निघून जातात. रुकलेली नाही जात.

ती बुंदीचे कान खाजवत राहिली. जरा जास्तच वेळ.

पण कार्तिक सरला आणि एका सकाळी ती टॉर्च बंद करून म्हणाली, "नानाखेड्याला खोली बघितलीय मी. एक तारखेपासून."

आता तुमच्याकडे परत कांदा येणार, म्हणाली. चंपाषष्ठीला भरीत, मग रोजच. कोण कुठे काय टाकेल... ते पाच दिवस परत नाही जगू शकत ती. मी भांडलो नाही. बरोबर बोलत होती. फक्त म्हटलं, चंपाषष्ठीला जेवायला तरी ये.

आली. आमच्या पंक्तीत समोरच बसली, ओठ घट्ट मिटून. इतक्या महिन्यांनी घरात कांद्याचा वास, सगळे खूश. बुंदी माझ्या ताटापाशी, सवयीने. भय्यासाहेब स्वतः भरीत वाढत आले. देवाला नैवेद्य दाखवलेलं, खाली मऊ वांगं, वरून कच्चा कांदा.

मी ताटावर आडवा हात धरला.

"अरे, सुटला की चातुर्मास," ते म्हणाले.

"माझा नाही सुटला."

पंक्तीत कोणीतरी खोकलं. भय्यासाहेबांचा चमचा हवेत. "वेड लागलंय का? षष्ठीच्या दिवशी प्रसादाला नाही म्हणतोस?"

"देवासाठी चार महिने सोडतो ना आपण? तेव्हा कोणी वेडा नाही म्हणत. ही माझ्या ताटापाशी बसते. माझ्या ताटात आता कांदा नाही."

"मांजरीसाठी?"

खाली बघून 'हो' म्हणता आलं असतं. कांदेनवमीला तेच म्हटलं होतं. पण हात ताटावर तसाच ठेवला आणि समोर बघितलं.

"मधुरासाठी."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मधुराच्या कानापर्यंत रंग चढला. भय्यासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे, मग बराच वेळ बुंदीकडे.

"आणि हे व्रत किती दिवस?"

"बुंदी आहे तोवर."

"मांजर जगते किती?"

"पंधरा वर्षं," मी म्हणालो. आता मला माहीत होतं.

भय्यासाहेबांनी चमचा मधुराच्या ताटाकडे वळवला. तिने दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"नीट सांभाळली तर वीस, भय्यासाहेब," ती म्हणाली. "आम्ही नीट सांभाळणार आहोत."