श्रेया आहे का घरी?

आळ्याच्या शिवारात त्या दुपारी कांद्याची लागण चालू होती. घरात तेजस्विनी आणि तिची पाच वर्षांची बहीण श्रेया, दोघीच. डोंगरातल्या आहुप्याहून लागणीच्या कामाला आलेली चिमाबाई ऊन टाळायला ओट्यावर टेकली होती, आणि श्रेया तिच्या मांडीवर चढून बसली होती. "गोरखमामाची मेल आलीय का तेवढं बघ," असं तेजस्विनीला सांगून आई वाफ्यावर परत गेली.

मामाचं आळेफाट्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हा जुना कॉम्प्युटर त्यानंच आणून जोडला होता. जोडताना बजावलं होतं, "अनोळखी मेलला उत्तर द्यायचं न्हाई. दिलं की त्यांना कळतं, घरात माणूस हाय."

तेजस्विनीनं फोनची वायर लावली. मोडेम किरकिरला, मग गप्प झाला. मामाची मेल नव्हती. दुसरीच होती. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत इंग्रजी अक्षरांत एकच ओळ. श्रेया आहे का घरी?

अशी ही तिसरी. सोमवारी आली, बुधवारी आली. दोन्ही तिनं पुसून टाकल्या होत्या. श्रेयाचं नाव अजून शाळेच्या पटावरसुद्धा चढलं नव्हतं. मग हे विचारत होतं कोण?

ती दारात आली. "चिमामावशी, ओळख न सांगता कुणी सारखं विचारत असलं तर..."

"हाक आली व्हय?" चिमाबाईनं आवाज खाली आणला. "आमच्या रानात भूत दोनदाच हाकारतं. तवा ओ द्यायची न्हाई. तिसरी हाक माणसाची."

"तिसरीच आहे."

"मग दे की ओ. लई भेकड गं तू!"

श्रेया खुदखुदून हसली.

तेजस्विनीला हायसं वाटलं. माणूस असेल तर त्याला चुकवता येतं. खुर्चीवर बसून तिनं एकेक अक्षर जपून दाबलं. श्रेया इथं राहत नाही. पुन्हा विचारू नका.

खोलीत ओल्या मातीसारखा गार वास पसरला... उत्तर लगेच आलं.

बरं.

ओट्यावरचं हसणं मधेच थांबलं. कात्रीनं दोरा कापावा तसं.

ती धावली. चिमाबाई खांबाला टेकून एकटीच बसली होती.

"मावशी, श्रेया कुठंय?"

"कोण श्रेया, बाई?"

तिनं गोठा पाहिला, विहीर पाहिली. हाका मारत वाफ्यापर्यंत गेली. आईनं वाकलेली कंबर सरळ केली.

"कुणाला हाकारतीस गं उन्हात?"

"श्रेयाला..."

आईनं चिखलाच्या हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. "ताप तर न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली.

सांजेला भाकरी झाल्या. आईनं फळीवरून ताटं काढली. वडिलांचं, तेजस्विनीचं, स्वतःचं. मग आणखी एक. ते हातात धरून ती उभीच राहिली.

"ह्ये कशाला काढलं गं मी?"

आईनं ताट हळूच परत ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"धूर लई झालाय आज," ती म्हणाली.

चूल केव्हाच विझली होती.